वानगीची माती

१७ मार्च २०२५, सोमवार. म्हसावद

आज सकाळी इंद्रसिंग गिरासे येऊन गेले. गावाच्या दक्षिणेला त्यांची वीटभट्टी आहे. नाल्याकाठच्या आमच्या नऊ एकरांतली काळी माती तीन फूट खोलीपर्यंत उचलण्याचा पाच वर्षांचा करार ते मागतात. मी त्यांना सांगितले की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माझ्या विचारात दोष सापडला नाही, तर त्या दिवशी सही करीन. आमच्याकडे सालदारांची वर्षे आणि जमिनीचे व्यवहार आखाजीलाच बदलतात, तेव्हा मुदत रास्त आहे.

निष्कर्ष लक्षात राहावा आणि आधार विसरावेत, हा म्हातारपणाचा मोठा धोका. शहाद्याच्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, म्हणून आधार लिहून ठेवतो. एक, शेताची माती उत्तम आहे. तीन वर्षांपूर्वीची मृदा आरोग्य पत्रिका तसे सांगते. दोन, विहिरीला पाणी आहे. तीन, रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतली होती. चार, तरीही लागोपाठ दोन वर्षे पपईची बाग मधूनच पिवळी पडली आणि मोडावी लागली. म्हणून, दोष शेतकऱ्याच्या हातातला नाही. आणि जे शेत पिकवता येत नाही ते राखण्यात अर्थ नाही.

माझी सून रुपा चहा घेऊन आली होती. गेली सहा वर्षे हे शेत तीच करते. वरचे शेत वाटणीत धाकट्या भावाकडे गेल्यापासून आमच्याकडे एवढेच आहे. ती म्हणाली, "आप्पा, तीन फूट माती गेली की शेत राहत नाही, खड्डा राहतो. नातवंडांच्या काळातसुद्धा तो भरायचा नाही."

मी म्हणालो, हे परिणामाचे वर्णन झाले, आधाराचे खंडन नव्हे.

ती आत गेली. माझी पत्नी जमनाबाई ओसरीत डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती चहा देवाले उनी व्हती, तोंडी परीक्षा देवाले नही."

मुलगा धर्मेंद्र नंदुरबारला नोकरी करतो. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला विचारले. तो म्हणाला, "तुमचा निर्णय, पप्पा." त्याच्या या वाक्यात संमती आहे की केवळ थकवा, हे मला ठरवता आले नाही.

१९ मार्च

रुपाने आज रीतसर मागणी मांडली. "मला भट्टीला विरोध करायचा नाही, आप्पा. तुमचा पहिला आधार तेवढा पुन्हा तपासून घ्यायचाय. तो बरोबर निघाला, तर इंद्रसिंगभाऊंसाठी पेन मीच आणून देईन."

मागणी योग्य शब्दांत होती, म्हणून मान्य केली. आपला विरोध नेमका कोणत्या विधानाला आहे ते आधी सांगावे, हे मी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. घरात ते कोणी ऐकले असेल, असे वाटले नव्हते.

तिने फोनवर शेताचे आकाशातून घेतलेले चित्र दाखवले. उपग्रह दर चार-पाच दिवसांनी वरून जातो आणि पीक कोठे किती हिरवे आहे ते रंगांनी मांडता येते, असे तिचे म्हणणे. चित्रात तीन रंग होते: कडेने गर्द हिरवा, मग पोपटी, आणि मध्ये लांबट पिवळा डाग. कोपऱ्यात ते तयार केल्याची तारीख होती, ८ फेब्रुवारी. मी म्हणालो, तपासणीची मागणी तर आजची आहे. रुपा म्हणाली, फोनची तारीख कधी कधी चुकते.

ज्या यंत्राला दिवस नीट कळत नाही त्याला जागा कशी कळावी, ही शंका नोंदवून ठेवतो.

२४ मार्च

शेताची हद्द फोनमध्ये घालायची होती. फोन हातात धरून बांधावरून चालत जायचे. आपण चालू तशी पडद्यावर रेघ उमटत जाते. रुपाचा गुडघा दुखत होता, म्हणून हे काम माझ्याकडे आले. संध्याकाळी ती गच्चीवर मिरच्या पसरायला शिडीने तीनदा चढली. गुडघेदुखी अशी चंचल असते.

चारही बांध सलग चालून किती वर्षे झाली असतील, सांगता येत नाही. एक हजार पाचशे बारा पावले भरली. फोनने सातबाऱ्यापेक्षा दीड गुंठा कमी दाखवला. नाल्याने तेवढी जमीन खाल्ली असेल, किंवा मी बांधाच्या आतून चाललो असेन. दोन्ही शक्यता रुपाच्या वहीत नोंदवल्या.

पूर्वेच्या बांधावर उभे राहिल्यावर शेताच्या मधला भाग प्रथमच नीट पाहिला. हरभरा काढून झाला आहे. कडेची धसकटे दाट आहेत, मध्ये ती विरळ होत जातात आणि एका ठिकाणी जवळजवळ नाहीतच. मी त्यावर मत दिले नाही.

२५ मार्च

रुपाच्या चित्रावर तीन आक्षेप घेतले.

पहिला: हा उपग्रह जमीन दहा मीटरच्या चौकोनांनी पाहतो, असे तीच सांगते. मग बांधावरच्या बाभळींची हिरवाई कडेच्या चौकोनांत मिसळत असणार, आणि झाडाचा गुण पिकाला चिकटत असणार. दुसरा: एका दिवसाच्या चित्रावरून काही सिद्ध होत नाही, त्या आठवड्यात मध्ये पाणी पोचले नसेल. तिसरा: पपई रोगाने पिवळी पडते, मातीनेच पडते असे नाही.

तिने एकाही आक्षेपाला उत्तर दिले नाही, फक्त लिहून घेतले. चर्चेची ही पद्धत मला आवडली. दुपारी चारला परत आली. हद्दीची रेघ तिने दहा मीटर आत घेतली होती, त्यामुळे बाभळी वगळल्या गेल्या. आणि एका चित्राऐवजी नऊ चित्रे होती: २०२२चा कापूस, दोन्ही वर्षांची पपई, यंदाचा हरभरा. पीक बदलले, वर्ष बदलले, महिना बदलला. पिवळा डाग जागचा हलला नाही.

इतर सर्व काही बदलत असता जे एक स्थिर राहते, कारण तिकडे शोधावे. हा नियम मी स्वतः फळ्यावर लिहीत असे. तो आज माझ्या विरुद्ध बाजूने बोलला. माझ्या पहिल्या आधाराला तडा गेला आहे असे अद्याप म्हणणार नाही. मात्र तो पूर्वीइतका गुळगुळीत दिसत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

दिवाल्या आमच्याकडे चौदा वर्षे सालदार आहे. त्याचे घर सातपुड्याच्या पायथ्याला आहे. घरी त्याची भाषा वेगळी, आमच्याशी तो अहिराणीत बोलतो. जेवायला आला होता. धर्मेंद्र त्याला म्हणाला, "दिवाल्या, पप्पाले सांग ना गायनं."

दिवाल्याने पुरणपोळी संपवली, पाणी प्यायला, मग म्हणाला, "काय सांगानं त्यामा. वावरना मझार उन्हायामा पांढरं येस. गाय सोडी का ती तठेच जास, माटी चाटस. जठे गाय चाटस तठे पपई मरस. इतलंच शे."

"शेताच्या मधोमध पांढरे येते, हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

"व्हयनात सात-आठ वरीस."

"मग सांगितले का नाहीस?"

तो जमनाबाईंकडे पाहू लागला. त्या वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्ही कव्हय इचारं का त्याले? तुमनी परवानगीबिगर ह्या घरमा वारा बी येत नही, तो बिचारा काय बोली."

प्रश्न विचारला गेला नाही म्हणून उत्तर दिले नाही, ही दिवाल्याची भूमिका तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. दुसऱ्या वाक्याचा संबंध मला कळला नाही.

२ एप्रिल

एकच गोष्ट दोन साक्षीदार सांगतात तेव्हा आधी पाहावे की त्यांनी एकमेकांशी बोलून तर घेतलेले नाही. म्हणून आजची परीक्षा मी आखली. दिवाल्याने फोनवरचे चित्र पाहिलेले नाही. हे त्याला मी दोनदा विचारून घेतले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "सर, त्या फोनमा मन्हं काय काम. माले वावर दिखस ना."

त्याला अकरा दगड दिले आणि सांगितले, तुझ्या समजुतीप्रमाणे वाईट माती जेथे सुरू होते तेथे एकेक ठेवत जा. तो अनवाणी चालला. दोनदा वाकून ढेकूळ चिमटीत चुरले, एकदा जिभेला लावून थुंकला. पाव तासात अकरा दगड ठेवून झाले. मग रुपा फोन घेऊन एकेका दगडाशी उभी राहिली. धर्मेंद्रने रजा घेतली होती, तो पडदा पाहून ओरडून सांगत होता आणि मी लिहीत होतो.

नऊ दगड पिवळ्या डागाच्या काठाशी चार-पाच पावलांच्या आत. फोनची स्वतःची चूकच तेवढी असते, असे रुपा म्हणते. दहावा बरोबर रेघेवर. अकरावा मात्र बराच दूर, नाल्याकडच्या बांधाजवळ, फोनच्या मते चांगल्या जमिनीत.

"हाऊ चुकना तुन्हा," धर्मेंद्र म्हणाला.

"चुकना नही, भाऊ," दिवाल्या म्हणाला. "तठे बी खारं शे."

मी त्या जागी गेलो. बाभळीची एक मोठी फांदी बांधावरून शेतात खूप आत आली आहे. आमची रेघ दहा मीटर आत घेऊनही ती फांदी आतच राहिली होती. उपग्रह तेथे पीक पाहत नव्हता, बाभूळ पाहत होता. माझा २५ तारखेचा पहिला आक्षेप सिद्ध झाला आणि दिवाल्याचे अकरापैकी अकरा बरोबर निघाले.

आनंद झाला असे लिहिणार होतो. समाधान हा अधिक अचूक शब्द. जमनाबाईंचे म्हणणे, मी घरी येताना गुणगुणत होतो. याला दुसरा साक्षीदार नाही.

५ एप्रिल

नमुने कोठून घ्यायचे याचा आराखडा आज झाला. रंगांप्रमाणे शेताचे तीन भाग केले. अकराव्या दगडाची जागा पिवळ्यात घेतली. प्रत्येक भागात नागमोडी दहा बिंदू. दहाही ठिकाणची माती एकत्र कालवून त्या भागाची एक पिशवी. बिंदू आधी फोनवर ठरवायचे आणि शेतात तेथेच जायचे. रुपाने याचे कारण फार नेमके सांगितले: "शेतात गेल्यावर ठरवलं की हात आपोआप चांगल्या जागी जातो, आप्पा."

मग तिने प्रयोगशाळेचे नियम वाचून दाखवले. झाडाखाली, बांधालगत, जुन्या उकिरड्याच्या जागी, पाटाजवळ नमुना घेऊ नये. प्रत्येक नियमामागचे कारण मी विचारले आणि तिने ते सांगितले.

शेवटी पान मिटता मिटता ती म्हणाली, "तीन वर्षांपूर्वीचा नमुना कुठून घेतला होता?"

"शेतातून."

"शेतात कुठून?"

मी म्हणालो, आठवून सांगतो. दिवाल्या डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधू लागला, जो मुळीच सुटला नव्हता.

६ एप्रिल

आठवायला वेळ लागला नाही, हे प्रथम लिहितो. काल विचारले तेव्हाच आठवले होते.

तीन वर्षांपूर्वी तो नमुना मी घेतला. कृषी खात्याचा माणूस येणार होता. सकाळी मी दिवाल्याला घेऊन शेतावर गेलो आणि वाटेजवळच्या कडुनिंबाखाली थांबलो. तेथे पूर्वी आमचा उकिरडा होता, त्यामुळे माती काळीभोर, भुसभुशीत, हातात घेतली तर सुगंध येईल अशी. तीच उकरली. खडे वेचून काढले, चाळणीने चाळली, धुतलेल्या कापडी पिशवीत भरली. दिवाल्या म्हणाला होता, "सर, मझारनी माटी बी लेवानी ना?" मी त्याला उत्तर दिले होते, चार लोकांत दाखवण्यासारखी नेऊ.

हे मी का केले, याचा विचार सकाळपासून करतो आहे. फसवण्याचा हेतू नव्हता. फसवावे असे समोर कोणी नव्हतेच. आमचे घर तीन पिढ्या नंदुरबारच्या बाजारात मिरची नेते. सौद्याआधी व्यापाऱ्याच्या हातावर मूठभर वानगी ठेवायची, आणि वानगी म्हणजे घराची अब्रू. देठ न तुटलेली, एका रंगाची, निवडलेली. वडिलांनी मला सातव्या वर्षी ते शिकवले. व्यापारीही जाणतो की पोत्यातला माल वानगीपेक्षा थोडा उतरता असणार, आणि तसाच भाव बोलतो. तेथे कोणाचीच फसगत होत नाही. मी तोच हात मातीला लावला. प्रयोगशाळेला मात्र कोणी सांगितले नव्हते की ही वानगी आहे.

नमुना समूहाचे प्रतिनिधित्व करीत नसेल तर त्यावरून समूहाविषयी काहीही म्हणता येत नाही. हा पाठ मी दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवीत असे.

तेव्हा स्थिती अशी आहे. माझे अनुमान रचनेने बिनचूक होते. त्याचा पहिला आधार माझ्याच हाताने चाळून, खडे काढून तयार केलेला होता. आणि त्या आधारावर मी हे शेत भट्टीला द्यायला निघालो होतो.

हे सर्व न्याहारीच्या वेळी घरातल्या चौघांना सांगितले. दिवाल्याने मान डोलावली. धर्मेंद्र भाकरीकडे पाहत होता. रुपा म्हणाली, "सांगितलंत ते बरं झालं, आप्पा." तिला आश्चर्य वाटलेले दिसले नाही; स्वभावाने ती शांत आहे. जमनाबाई तिला म्हणाल्या, "दख, मी सांगं व्हतं ना तुले. त्यास्ले सांगानं नही, इचारानं."

हे कोणत्या संदर्भात होते ते विचारायचे राहिले.

९ एप्रिल

नमुने घेतले. सकाळी साडेसहाला सुरुवात, ऊन तापण्याआधी संपले. रुपा फोन पाहून बिंदूवर उभी राही, दिवाल्या तेथे वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करी आणि त्याच्या भिंतीची दोन बोटे जाड चकती वरपासून खालपर्यंत तासून घमेल्यात टाकी. एका भागाची दहा ठिकाणची माती ताडपत्रीवर कालवायची, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असे अर्धा किलो उरेपर्यंत. टाकून देण्याचे काम माझ्याकडे होते. चांगली दिसणारी माती टाकताना हात दोन वेळा अडखळला. दोन्ही वेळा दिवाल्या खोकला.

तीन पिशव्या झाल्यावर मी चौथी मागितली. कडुनिंबाखालून, तीन वर्षांपूर्वीच्याच जागेवरून, जशीच्या तशी. रुपा म्हणाली, नियमात बसत नाही. मी म्हणालो, नियमात बसत नाही म्हणूनच हवी आहे. जुन्या पत्रिकेतले आकडे या पिशवीशी जुळले आणि इतर तिन्हींशी जुळले नाहीत, तर दोष नमुन्याच्या जागेत होता हे सिद्ध होईल. नाही तर ती माझी केवळ कबुली ठरेल, आणि कबुली म्हणजे पुरावा नव्हे. रुपाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि पिशवी पुढे केली.

चारही पिशव्यांवर क, ख, ग, घ एवढेच लिहिले. कोणती कुठली, ती चिठ्ठी माझ्याजवळ आहे.

१० एप्रिल

धर्मेंद्रने पिशव्या प्रयोगशाळेत दिल्या. पंधरा दिवस लागतील.

१७ एप्रिल

बस स्थानकाजवळ इंद्रसिंग भेटले. "काय सर, ऐकं का मी, तुम्ही वावरमा दगड मांडी ऱ्हायनात. देव बसाडी ऱ्हायनात का?"

"पुरावा बसवतो आहे."

"बसाडा, बसाडा. मी आखाजीले कागद लई येसू. तुमना शब्द म्हंजे रेघ शे, माले काळजी नही."

ते विनोदाने बोलले, पण म्हणाले ते खरे. मी दिलेला शब्द आजवर मागे घेतलेला नाही. चारही नमुने निर्दोष निघाले, तर करारावर सही करणे मला भाग आहे, आणि मी ती करीन.

एक गोष्ट प्रांजळपणे लिहितो. या आठवड्यात मला एका विशिष्ट उत्तराची इच्छा आहे असे आढळून आले. तीन दिवस मी सकाळी शेतावर जाऊन आलो. तेथे काही काम नव्हते. परीक्षकाला हे शोभत नाही. रुपा रोज संध्याकाळी फोन पाहते आणि काही आले नाही असे सांगते. काल मी विचारण्याआधीच तिने सांगितले.

२५ एप्रिल, शुक्रवार

अहवाल आला.

धर्मेंद्रने ओसरीत वाचला. मी चिठ्ठी उघडून प्रत्येक अक्षरासमोर जागा लिहिली. क, हिरवा भाग: सामू, म्हणजे पीएच, ७.७, क्षार अल्प, उत्तम जमीन. ग, पोपटी भाग: सामू ८.१, क्षार मर्यादेत, मध्यम. ख, पिवळा भाग: सामू ८.९, क्षार मर्यादेच्या दुपटीहून अधिक. चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट, होऊ घातलेली जमीन, पपई तेथे जगणार नाही. घ, कडुनिंबाखालची: सामू ७.४, सेंद्रिय कर्ब भरपूर.

मग जुनी पत्रिका काढली. सामू ७.४. सेंद्रिय कर्बाच्या आकड्यात फक्त दुसऱ्या दशांशाचा फरक.

म्हणजे जुनी पत्रिका खोटी नव्हती. ती एका झाडाखालच्या पथारीएवढ्या तुकड्याविषयी खरी होती आणि आम्ही ती नऊ एकरांना लावली.

पिवळा भाग फोनवर मोजला तर दोन एकरांहून थोडा कमी भरला. वहीत रुपाचा उपाय तयारच होता: मध्यापासून नाल्यापर्यंत चर खणून साठणारे पाणी काढून द्यायचे, जिप्सम घालायचे, पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलावर येताच गाडायचा. दोन-तीन वर्षे लागतील. उरलेल्या सात एकरांत यंदाच मिरची. वहीतली शाई जुनी दिसत होती, पण उन्हाने शाई लवकर विटते.

"पप्पा," धर्मेंद्र म्हणाला, "सात एकर चांगलं होतं. सगळं. पहिल्यापासून."

मी म्हणालो, होय. आणि ते देण्याच्या बाजूने मी चार आधार दिले होते.

जमनाबाईंनी दिवाल्याला हाक मारून अहवाल सांगितला. तो म्हणाला, "गायले बी सांगी देवा पडी." सगळे हसले. मीही हसलो असेन.

३० एप्रिल, आखाजी

सकाळपासून गल्लीत झोक्यांवरची गाणी चालू होती. माहेरी आलेल्या लेकींनी वड आणि चिंच दोन्ही व्यापले होते. इंद्रसिंग दहा वाजता कागद घेऊन आले. मी सर्वांना अंगणात बसायला सांगितले. निर्णय घरात कुजबुजून सांगायचा नसतो. दिलेल्या शब्दाचा प्रश्न असेल तर मुळीच नाही.

मी उभा राहिलो आणि परार्थानुमान, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठीचे अनुमान, रीतीप्रमाणे पाच अवयवांत मांडले. प्रतिज्ञा: हे शेत भट्टीला देता येत नाही. हेतू: कारण दोष फक्त दोन एकरांत आहे, आणि तो दूर होण्यासारखा आहे. येथे मी हेही सांगितले की माझा शब्द सशर्त होता, "दोष सापडला नाही तर". दोष सापडला. तो माझ्या विचारात होता, आणि त्याआधी माझ्या चाळणीत. त्यामुळे शब्द मोडत नाही. त्याची अटच मला मोकळे करते. इंद्रसिंग ऐकत होते. कडुनिंबाची हकिगत मी त्यांच्यासमोर पूर्ण सांगितली. तेव्हा ते म्हणाले, "सर, त्यामा काय. मी बी वानगीनी माटी तिठूनच उखलतू."

तिसरा अवयव, उदाहरण, सुरू केला तोच फाटकातून ट्रॅक्टर आला. दिवाल्या चालवत होता. मागे ट्रॉलीत गोणी रचलेल्या होत्या. गोणींवर जिप्सम लिहिले होते.

मी धर्मेंद्रकडे पाहिले. तो चिंचेवरचा झोका पाहू लागला. रुपाकडे पाहिले, तर तिने पदर सावरून जमनाबाईंकडे पाहिले. जमनाबाई माझ्याकडेच पाहत होत्या, आणि त्यांनी नजर हलवली नाही. नंतर मी पावती पाहिली. तिच्यावर २६ एप्रिलची तारीख आहे, म्हणजे निर्णय जाहीर होण्याच्या चार दिवस आधीची. मी निष्कर्ष काय काढणार, हे अहवालावरून कोणालाही कळण्यासारखे होते. शुद्ध अनुमानाचे लक्षणच हे की ते सर्वांना एकाच जागी पोचवते. त्यांनी ते योग्य रीतीने केले, असे मी धरतो.

इंजिनाच्या आवाजात उदाहरण ऐकू जाईना. इंद्रसिंग उठले आणि हात वर करून ओरडले, "दिवाल्या, बंद कर रे. सरना आजून तीन अवयव बाकी शेत."

दिवाल्याने इंजिन बंद केले आणि सीटवरच बसून राहिला. मी उदाहरण पूर्ण केले: ज्या शेताचा दोष वेगळा काढता येतो ते शेत टाकून देत नाहीत, जसे दिवाल्याच्या गावचे पायथ्याचे शेत, ज्याचा एक कोपरा त्याच्या बापाने चर खणून सुधारला. मग उपनय: आमचे शेत तसेच आहे. मग निगमन: म्हणून ते देता येत नाही, आणि यापुढे कोणी ते मागू नये.

इंद्रसिंगांनी कागदाची घडी खिशात घातली. "मी तं ट्रॉली दखी तव्हयच समजी गवू," ते म्हणाले, आणि जमनाबाईंकडे सांजोऱ्या मागितल्या.

निष्कर्षाची वाट न पाहता त्यांनी अनुमान केले. ही घाई होती, जरी या वेळी ते बरोबर निघाले.

दिवाल्या अजून सीटवरच होता. झोक्यावरचे गाणेही थांबले होते. पोरी फांदीवरून वाकून पाहत होत्या.

"सर," तो म्हणाला, "आते वावरमा लई जाऊ का?"

मी म्हणालो, ने.